कागद अर्धा बाहेर येऊन परत आत का जातो?

*वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे सोलापुरात झेरॉक्स मशीन दुरुस्तीचं काम करतात. या वेळचं टपाल बॅक टू बॅक प्रतींबद्दलच जास्त आलं, म्हणून सगळं एकत्र घेतलं आहे.*

प्रश्न : काका, मी केगावला विद्यापीठात एम.ए. करते. प्रोजेक्टच्या बॅक टू बॅक प्रती काढायला गेले होते. मशीनमधून पान जवळजवळ सगळं बाहेर आलं, म्हणून मी धरून ओढलं, तर दुकानदार केवढ्यांदा ओरडला! पान बाहेर सोडून मशीन परत आत का ओढतं? दोन्ही बाजू एकदमच का छापत नाही? आणि मी ओढलेलं पान उलटून पाहिलं तर त्यावर दोन नंबरचं पान होतं, एक नंबर नव्हतंच. हे असं उलटं का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

पोरी, ओरडला ते ठीकच केलं, फक्त कारणही सांगायला हवं होतं. बॅक टू बॅक चालू असताना बाहेर डोकावणारा कागद तुझा झालेला नसतो. त्याची शेपूट आत रोलरने धरलेली असते. ओढलं की कागद फाटतो, तुकडा आत राहतो, आणि मग तो चिमट्याने शोधायला माझ्यासारख्याला बोलावणं येतं. ॲडमिशनच्या दिवसांत मला येणारे बरेचसे फोन या ओढाओढीचेच असतात.

तुझ्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. साध्या दुकानी मशीनमध्ये ड्रम, म्हणजे ज्यावरून मजकूर कागदावर उतरतो ते नळकांडं, एक असतो आणि तो कागदाच्या एकाच बाजूला असतो. आपल्या सोलापुरी चादरीत एकाच विणीत दोन्ही बाजूंना नक्षी उठते, कारण सूत कापडाच्या आरपार जातं. टोनर, म्हणजे मशीनची पूड-शाई, आरपार जात नाही, वरच बसतो. म्हणून दुसरी बाजू हवी असेल तर कागदाला पूर्ण रस्ता दुसऱ्यांदा चालावा लागतो.

तो रस्ता असा. ट्रेमधून पिकअप रोलर कागद उचलतो. एकाऐवजी दोन आले तर खालचा रोलर त्यातला जादाचा मागे रोखतो. मग कागद रजिस्ट्रेशन रोलरपाशी क्षणभर थांबतो आणि तिथे त्याचं टोक सरळ होतं. इकडे ड्रमवर मजकुराचा विद्युतभाराचा ठसा तयार असतो. अक्षरं असतील तेवढ्याच जागी टोनर चिकटतो. कागद ड्रमखालून जाताना त्याच्या पाठीमागून उलट भार दिला जातो, त्यामुळे टोनर ड्रम सोडून कागदावर उडी मारतो. या वेळी तो नुसती पूड असतो, बोट फिरवलं तर पुसला जाईल. पुढे फ्यूझर. एक तापलेला रोलर, ज्याला आमच्यात टेफ्लॉन म्हणतात, आणि त्याखाली रबराचा प्रेशर रोलर. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेत टोनरमधलं प्लास्टिक वितळून कागदात रुतून बसतं. तुझ्या हातात पडणारा कागद गरम असतो तो यामुळे.

ही युक्ती मुळात चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन माणसाची. तो एका कंपनीच्या पेटंट विभागातल्या कामात कागद उतरवून उतरवून वैतागलेला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याने आणि त्याच्या सहायकाने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून भारित केला, शाईने लिहिलेली काच त्यावर ठेवली, दिव्याचा उजेड पाडला, लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरली आणि मेणकागदावर ठसा घेतला. त्यावर त्या दिवसाची तारीख आणि गावाचं नाव होतं. आज घासायच्या कापडाऐवजी तार किंवा रोलर आहे, दिव्याऐवजी लेझर आहे, बाकी डाव तोच. इतक्या वर्षांत एवढी अक्कल आली, पण कागद उलटवायचा कसा हा प्रश्न शेवटी रोलर आणि पट्ट्यांनीच सोडवावा लागला.

आता कागद उलटतो कसा ते. फ्यूझरच्या पुढे एक छोटी झडप असते. एकाच बाजूचं काम असेल तर ती कागदाला सरळ बाहेर जाऊ देते. बॅक टू बॅक असेल तर कागद बाहेरच्या रोलरमधून बराचसा बाहेर जातो, आणि शेवटचा बोटभर भाग आत असतानाच रोलर थांबतो आणि उलटा फिरायला लागतो. एव्हाना झडपेने रस्ता बदललेला असतो. मघाची शेपूट आता डोकं होते. कागद मशीनच्या मागच्या किंवा बाजूच्या दरवाज्यालगतच्या बोळातून खाली उतरतो, वळसा घेतो आणि पुन्हा रजिस्ट्रेशन रोलरपाशी येतो. या वेळी ड्रमकडे त्याची कोरी बाजू असते. मोठ्या मशीनमध्ये ही मागेपुढे आतल्या आतच होते, म्हणून तिथे कागद बाहेर डोकावताना दिसत नाही. छोट्या मशीनमध्ये जागा नसते, त्यामुळे ते बाहेरची मोकळी हवा वापरतं आणि तुझ्यासारख्यांना मोह होतो.

एक चिटोरं घे, पुढच्या कडेला पेन्सिलने बाण कर आणि हाताने हाच प्रवास करून बघ. सगळं वाचण्यापेक्षा ते एकदा केलेलं बरं.

दोन नंबरचं पान आधी का? बहुतेक मशीनमधून कागद पालथे बाहेर पडतात, म्हणजे छापील तोंड खाली. त्यामुळे गठ्ठा उचलून उलटा केला की एक, दोन, तीन असा क्रम आपोआप लागलेला असतो. बॅक टू बॅकमध्ये जी बाजू शेवटी छापली ती खाली राहते. गठ्ठ्याचा क्रम बिघडू नये म्हणून एक नंबरचं पान खाली हवं, म्हणजे ते शेवटी छापायला हवं, म्हणजे दोन नंबर आधी. मशीन यासाठी दोन्ही पानं आधी वाचून आठवणीत ठेवतं आणि मगच कागद उचलतं. पहिला कागद निघायच्या आधी ते जरा विचारात पडल्यासारखं वाटतं ना, ते त्यामुळे.

चांगलं मशीन तर याहून पुढे जातं. एक कागद बोळातून वळसा घेत असताना ड्रम रिकामा बसवत नाही, मधल्या वेळात दुसरा कागद उचलतं. मग छपाईचा क्रम २, ४, १, ६, ३, ८, ५, ७ असा काहीतरी होतो. कंपनीगणिक यात फरक असतो. मध्येच लाइट गेली तर आत वेगवेगळ्या टप्प्यांवरचे दोन-तीन कागद अडकलेले सापडतात. ते फेकायचे. ‘एक बाजू तर चांगली आली आहे’ म्हणून गठ्ठ्यात घुसवायचे नाहीत, कारण मशीन पुढे कुठून सुरू करेल ते त्याच्या हिशेबाने असतं, आपल्या नाही.

जुन्या, आठवण नसलेल्या मशीनमध्ये हे सगळं नव्हतं. तिथे पोटात एक मधला ट्रे असायचा. एक नंबरच्या पानाच्या वीस प्रती हव्या असतील तर त्या वीसही एका बाजूने छापून त्या ट्रेमध्ये पालथ्या जमा व्हायच्या. मग काचेवर दोन नंबरचं पान ठेवायचं आणि तेच वीस कागद एकेक करून पुन्हा ओढले जायचे. त्या ट्रेमधून चुकून दोन कागद एकदम गेले की एक प्रत कमी भरायची आणि गिऱ्हाईक घरी जाऊन फोन करायचं. मोठ्या डिजिटल छपाईत मात्र अशीही यंत्रं आहेत, ज्यात कागदाच्या रिळाच्या दोन्ही अंगांना ड्रम असतात आणि दोन्ही बाजू एकाच फेरीत छापल्या जातात. पण ती तुझ्या कॉलेजजवळच्या दुकानात मावणार नाहीत.

प्रश्न : दादा, आमचं मोहोळला झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. यंदा जुनं पण मोठं मशीन घेतलं. एका बाजूचं काम सुरळीत होतं. बॅक टू बॅक लावलं की कागद अडकतो, आणि अडकतो तो नेहमी दुसऱ्या बाजूच्या वेळीच. उन्हाळ्यात जास्त. एक जण म्हणाला, डुप्लेक्स युनिटच बदला. बदलू का? की डुप्लेक्स बंद ठेवून हाताने कागद उलटवून काम करू?
— एक दुकानदार ताई, मोहोळ

ताई, डुप्लेक्स युनिट, म्हणजे कागद उलटवणारा तो बोळ आणि त्याचे रोलर, लगेच बदलू नका. पैसे खिशात ठेवा आणि आधी कागदाकडे बघा. दुसऱ्या बाजूला अडकण्याची बहुतेक प्रकरणं मला कागदात आणि धुळीत सापडली आहेत, युनिटमध्ये फार कमी.

दुसऱ्या फेरीत जो कागद येतो तो पहिल्या फेरीतला कागद राहिलेला नसतो. चांगल्या कागदात वजनाच्या चार-पाच टक्के ओलावा असतो. फ्यूझरमधून एकदा गेला की त्यातला बराच उडतो. कागद किंचित आकसतो, एका बाजूला वाकतो आणि स्थिर वीज धरून गाइडच्या पट्ट्यांना चिकटायला बघतो. असा वाकडा, कोरडा कागद बोळातून वळसे घेत येतो आणि त्याचा वाकलेला कोपरा कुठेतरी अडतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, हवेत ओल नसते, कागद रिममधून काढतानाच पापडासारखा कडक असतो. त्यात अजून एकदा भाजला तर काय होणार?

म्हणून पहिलं काम, रिमचं वेष्टन फोडलं की लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये भरा आणि बाकीचा त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा. त्या वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो, तो उगाच दिलेला नाही. बऱ्याच रिमवर बाण असतो, कोणती बाजू आधी छापायची त्याचा. तो बघून कागद घाला. बाण नसेल तर ट्रेमधला गठ्ठा पालथा करून पुन्हा एकदा बॅक टू बॅक लावून बघा. नुसत्या एवढ्याने जाम थांबलेली मशीनं मी पाहिली आहेत, कारण वाकण्याची दिशा उलटी होते. भरण्याआधी गठ्ठा फुलवून हवा खेळवा.

दुसरं, कूलर. सोलापूर असो की मोहोळ, उन्हाळ्यात दुकानात कूलर असतोच आणि तो हमखास मशीनच्या तोंडावर लावलेला असतो, कारण माणूस मशीनपाशीच उभा असतो. दुपारभर ओला वारा खाऊन ट्रेमधल्या वरच्या कागदांना लाटा पडतात, खालचे कोरडेच राहतात. मग पहिले पन्नास कागद एका तऱ्हेने अडकतात आणि पुढचे दुसऱ्या तऱ्हेने, आणि मेकॅनिक येईपर्यंत सगळं ठीक चालायला लागलेलं असतं. कूलरचं तोंड फिरवा. पावसाळ्यात उलट तक्रार येते: कागद दमट, टोनर नीट चढत नाही, अक्षरं फिकी, फ्यूझरमध्ये सुरकुत्या. तेव्हा रात्री ट्रेमधला कागद काढून पिशवीत बांधून ठेवावा.

तिसरं, धूळ. आमच्या पूर्वभागात लूमच्या शेजारी जी दुकानं आहेत तिथली मशीनं उघडली की आत कापसाची तूस निघते. मोहोळला तूस नसेल, पण रस्त्याची माती आणि कागदाची स्वतःची भुकटी असतेच. ती डुप्लेक्सच्या रोलरवर बसते, रबर गुळगुळीत होतं, पकड सुटते. कागद सरकतो पण उशिरा पोचतो. मशीनला मात्र वेळेचा हिशेब असतो. ठरल्या क्षणी सेन्सरपाशी कागद आला नाही की ते जाम जाहीर करतं, मग कागद प्रत्यक्षात कुठे अडकलेला असो वा नसो. मशीन बंद करा, फ्यूझर थंड होऊ द्या, बाजूचा दरवाजा उघडा आणि पिळलेल्या ओल्या फडक्याने ते रोलर हाताने फिरवत पुसा. काळी घाण निघायची थांबेपर्यंत. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळालं तर उत्तम. पेट्रोल, थिनर, घरातला सेंट, असलं काही लावू नका. ड्रमला तर हातच लावू नका आणि तो उन्हात उघडा ठेवू नका.

एवढं करूनही अडकलं तर कागद काढण्याआधी त्याचं पुढचं टोक कुठे थांबलं आहे ते बघा आणि फोटो काढा. फ्यूझरच्या बाहेर झडपेपाशी वाकून थांबला असेल तर झडप किंवा तिला हलवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा खटका) चिकटतो आहे. बोळाच्या मधे सरळ उभा असेल तर रोलर किंवा क्लच. रजिस्ट्रेशनपाशी कोपरा दुमडून थांबला असेल तर वाकलेला कागद. हा फोटो दाखवून मेकॅनिकला विचारा, ‘यात युनिट कुठे आलं?’ जो नीट उत्तर देईल त्याच्याकडून काम करून घ्या.

हाताने उलटवण्याचं विचारलंत. चालतं, आणि कमी प्रतींसाठी मी तेच सांगेन. एका कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेला पेन्सिलने फुली मारा, ट्रेमध्ये ठेवा, एक प्रत काढा. मजकूर फुलीच्या बाजूला आला की मागच्या बाजूला, आणि मजकुराचं डोकं फुलीकडे आहे की उलट, हे बघितलं की तुमच्या मशीनची पद्धत कळली. ती मशीनवरच चिकटवून ठेवा. दुकानात कामाला नवा मुलगा आला की उपयोगी पडते.

मग सगळी विषम पानं आधी काढा, गठ्ठा पंख्याखाली जरा गार होऊ द्या, कोपरे सरळ करा, फुलवा, आणि पाठीमागे सम पानं घ्या. मूळ पानं पंधरा असतील तर विषम आठ आणि सम सात. शेवटचा कागद दुसऱ्या फेरीआधी बाजूला काढायचा, नाहीतर पूर्ण गठ्ठा एका पानाने सरकतो. पण हाताच्या कामातलं खरं संकट वेगळं आहे. दुसऱ्या फेरीत कुठेतरी दोन कागद एकदम गेले, की तिथून पुढचं प्रत्येक पान चुकीच्या पाठीवर येतं आणि मशीन तक्रारही करत नाही. शंभर पानांचं काम एकदम लावू नका. थोडे थोडे कागद घ्या आणि दर खेपेला शेवटच्या कागदाचे दोन्ही नंबर बघा.

आणि एक. एका बाजूने वापरलेला रद्दी कागद काटकसर म्हणून ट्रेमध्ये घालणारे खूप आहेत. त्यात एखादी पिन राहिली आणि ती ड्रमपर्यंत गेली, तर त्या दिवसापासून प्रत्येक प्रतीवर एक बारीक रेघ येईल आणि ती ड्रम बदलल्याशिवाय जाणार नाही. काटकसर कुठे करायची ते आपण ठरवावं.

प्रश्न : मिस्त्री, मी कोर्टात वकीलसाहेबांकडे कारकून आहे. बॅक टू बॅक काढलं की कधी पाठीमागचं पान डोक्यावर उभं येतं, कधी बरोबर. आडव्या तक्त्यांचं तर नक्कीच उलटं येतं. दुकानदार म्हणतो मशीन असंच आहे. शिवाय शिवणीत मजकूर जातो. काय करावं?
— एक कारकून, सोलापूर

मशीन असंच नाही, साहेब, त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलं जातंय.

वर सांगितलं तसं, वळसा घेताना कागदाचं डोकं आणि शेपूट बदलतं. ए-फोर कागद आखूड कडेने आत गेला असेल तर तो आखूड कडेवरच उलटतो, आणि काहीच केलं नाही तर पाठीमागचं पान डोक्यावर उभं राहील. लांब कडेने गेला असेल तर पुस्तकाच्या पानासारखा सरळ येतो. आजची मशीनं मजकूर आठवणीत फिरवून हा फरक झाकतात, पण त्यासाठी तुम्हाला काय हवं ते त्यांना सांगावं लागतं. पडद्यावर ‘बुक’ आणि ‘कॅलेंडर’ असे दोन पर्याय दिसतील, किंवा प्रिंट देताना ‘लाँग एज’ आणि ‘शॉर्ट एज’. गंमत म्हणजे मूळ कागद दोन्ही बाजूंनी असेल तर हा प्रश्न दोनदा असतो: मूळ कसं आहे आणि प्रत कशी हवी. लोक दुसऱ्याचं उत्तर देतात, पहिलं तसंच सोडतात.

उभी पानं डावीकडे शिवायची तर लाँग एज. आडवी पानं डावीकडे शिवायची तर शॉर्ट एज, कारण आडव्या पानाची डावी कड हीच आखूड कड. आडव्या तक्त्याच्या वेळी सगळे इथेच फसतात. संपूर्ण गठ्ठा काढण्याआधी फक्त पहिला कागद काढून हातात उलटून बघा.

शिवणीचं म्हणाल तर पुढच्या पानाची डावी बाजू ही मागच्या पानाची उजवी. एका बाजूचं काम करताना डावीकडे जागा सोडायची सवय असते, ती बॅक टू बॅकला पुरत नाही. मशीनमध्ये मार्जिन सरकवण्याची सोय असते, पुढचं उजवीकडे, मागचं डावीकडे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी वापरायला सुरुवात केली, त्यात डावी-उजवीकडे ४-४ सेंटीमीटर आणि वर-खाली २-२ सेंटीमीटर जागा सांगितली होती. दोन्हीकडे सारखी जागा असली की कुठलीच बाजू शिवणीत जात नाही. तुमच्या तयार मसुद्यातही हे करून ठेवा, मशीनला छेडायची वेळ येणार नाही.

जुनी लीगल कागदावरची कागदपत्रं ए-फोरवर आणायची असतील तर ८३ टक्के लावा. लीगलची लांबी ३५६ मिलिमीटर, ए-फोरची २९७. त्याने पान पूर्ण बसतं आणि दोन्ही बाजूंना थोडी जागाही सुटते.

पुढची आणि मागची चौकट उजेडात धरल्यावर तंतोतंत जुळली नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. पहिल्या फेरीत कागद आकसतो आणि दुसऱ्या बाजूचा मजकूर त्या आकसलेल्या कागदावर उमटतो. शिवाय दुसऱ्या फेरीत मशीन उलट्या कडेपासून मोजतं. स्वस्त रिममधला कागद कापतानाच मिलिमीटरभर कमी-जास्त असला तर तेवढा फरक मागे दिसणारच.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळचं खरेदीखत आहे. कागद पातळ, दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेलं. झेरॉक्स काढली की मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळतात आणि काहीच वाचता येत नाही. उपाय?
— एक वाचक, बार्शी

काळा कागद. पातळ कागदातून उजेड आरपार जातो, वरच्या पांढऱ्या झाकणावर आपटून परत येतो आणि येताना मागची शाई दाखवतो. खरेदीखताच्या पाठीला गडद काळा कागद ठेवा, मग झाकण लावा. उजेड परतच येत नाही. प्रतीची पार्श्वभूमी थोडी करडी येईल, ती कमी करायला एक्स्पोजर एक-दोन घर फिकं करा.

असे कागद वरच्या फीडरमध्ये कधीच घालू नका. दोन्ही बाजू वाचणारा फीडर मूळ कागद आत वळवून उलटवतो. काही नव्या मशीनमध्ये दोन डोळे असतात आणि कागद न उलटवता एकाच फेरीत दोन्ही बाजू वाचल्या जातात, पण रोलर तिथेही आहेतच. घडीवर फाटत आलेला कागद, चिकटपट्टी लावलेला कागद, मोडीतली जुनी दफ्तरं, हे सगळं काचेवर, एकेक बाजू, हाताने. दुकानदार घाईत असेल तर दुपारी जा.

प्रत मात्र बॅक टू बॅक काढू नका. दोन स्वतंत्र कागदांवर काढा आणि चांगला जाड, ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद मागा. नाहीतर तुमच्या नातवाला हाच प्रश्न पडेल.

प्रश्न : बॅक टू बॅकला कागद एकच लागतो, तरी पैसे दोन पानांचे का घेतात?
— एक त्रस्त पालक, विजापूर वेस

कारण मशीनचा मीटर दोन वेळा पडतो. टोनर दोन बाजूंचा, ड्रम आणि फ्यूझर दोनदा चालले, वेळही तेवढाच. वाचला तो फक्त एक कागद. कुणी त्यात थोडी सवलत देतं, देत नसेल तर लुबाडतंय असं समजू नका.

तुमची बचत दुसरीकडे आहे. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद जवळपास ४.७ ग्रॅमचा. दोनशे पानांचा मजकूर एका बाजूने काढला तर गठ्ठा ९४० ग्रॅमच्या आसपास जातो, बॅक टू बॅक काढला तर ४७०. स्पायरल लहान लागतं आणि पोस्टाने पाठवायचं असेल तर तिकिटाचे पैसेही कमी होतात.